कफावरचा फेस

डाव्या कफावर काहीच नव्हतं, आणि फेस नेमका तिथेच आला. ती शर्टाच्या बगलेवर काम करत होती. ब्रश पेरॉक्साइडच्या वाटीत बुडवला, उचलला, आणि वाटेत एक थेंब ओघळून कफावर पडला. पांढऱ्याशुभ्र, नीट धुतलेल्या कफावर. तो टिपायला तिनं बोट पुढे केलं आणि बोट तसंच राहिलं. थेंबाच्या कडेनं बुडबुडे उठले, राईएवढे, मग तांदळाएवढे. एकाला एक बिलगत गेले आणि कापडाच्या पोटातून कुणीतरी हळूच श्वास सोडावा तसा आवाज झाला. लॉण्ड्रीतल्या या टेबलाशी, डाग काढण्याच्या कामावर, तिला सव्वीस वर्षं झाली होती. घामावर असा फेस येत नाही. शाईवर येत नाही, चहावर येत नाही, गंजावर येत नाही. धुऊन धुऊन डोळ्यांना दिसेनासं झालेलं रक्त धाग्याच्या आत गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं असतं. हे औषध त्यालाच हाक मारतं, आणि ते ओ देतं. तिनं आजूबाजूला पाहिलं. पलीकडे मोठी यंत्रं कपडे गरगरवत होती, मालकीणबाई पुढे काउंटरवर पावत्या फाडत होत्या, वाफेच्या प्रेसवरचा माणूस विजारीची घडी बसवत होता. कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. शर्ट तिच्या जावयाचा होता.

सकाळी तो स्वतः घेऊन आला होता. हॉटेलात, आल्यागेल्याचं स्वागत करायच्या टेबलामागे तो उभा असतो. हसणं हीच नोकरी, म्हणून इथेही हसतच आला. त्याच्या आधी त्याचा वास आला, बगलेत मारायच्या फवाऱ्याचा, गार, काचेसारखा. प्रेसवरचा माणूस, ज्याला सगळे वाफ्या म्हणतात, तिथूनच ओरडला, "जावईबापू, एवढं मारता, घरात डास तरी येतात का हो?" तो मनापासून हसला. शर्ट काउंटरवर पसरून म्हणाला, "आई, तुमच्या लेकीपुढे हात टेकले बघा. बगला जरा पिवळ्या पडल्या म्हणून धुवायला दिला, तर बाईसाहेबांनी ब्लीच ओतलं. आता हा रंग बघा, जुन्या वर्तमानपत्रासारखा. उद्या मोठे साहेब येणार आहेत, मला हाच घालायचाय. पाचला न्यायला येतो. तुमचा हात लागला की झालं." तिनं विचारलं, "ठिपकी कशी आहे? चार दिवस झाले, आली नाही." "सर्दी," तो म्हणाला. "नाक लाल, तोंड सुजलेलं, बोलायची सोय नाही. तुम्ही येऊ नका म्हणालीय, तुम्हालाही लागेल." आणि तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं, की लेक आपल्या सर्दीची काळजी करते. फोनवर ठिपकीचा आवाज जाडसर येत होता, ओठ एकमेकांना नीट भेटत नसल्यासारखा, आणि तिनं सांगितलं होतं, वाफ घे.

वाफ घे! तिनं ब्रश खाली ठेवला.

ठिपकी हे काही खरं नाव नव्हे. हनुवटीवर जन्मतःच एक काळा ठिपका, म्हणून ठिपकी. दिवसभर जगाचे डाग काढते मी, हा एवढा एक काढणार नाही, असं ती तान्ह्या पोरीला म्हणायची, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की पोर दात नसलेलं तोंड उघडून हसायची. त्या ठिपक्याच्या वर ओठ. त्या ओठाच्या वर नाक. कफाची उंची आणि नाकाची उंची. तिला हे मोजायचं नव्हतं, पण मोजणं थांबेना. हात असा उलटा फिरवला, कोपरातून, तर कफ कुठे लागेल. डावा हात, म्हणजे उजव्या हातात काहीतरी धरलेलं होतं. केस असतील. वेणी असेल. ती वेणी तिनं घातली होती, वर्षानुवर्षं, शाळेच्या दारापर्यंत, घट्ट, सुटू नये म्हणून.

शर्ट खोटं बोलत नाही. माणसं काउंटरवर काय वाटेल ते सांगतात, रस्सा सांडला, गाडीचं ग्रीस लागलं, पोरानं रंग उडवला. टेबलावर आला की शर्ट आपलं आपण सांगतो. तिनं तो उलटा केला होता तेव्हाच बगलेनं निम्मं सांगितलं होतं. फवाऱ्याचा थर आणि घामाचा थर, पुन्हा फवारा, पुन्हा घाम, महिन्यामहिन्यांचा, मेणकट, पुठ्ठ्यासारखा ताठ. त्यावर ब्लीच पडलं की पांढरं व्हायचं सोडून ते पिवळंजर्द होतं, हे टेबलावरच्या माणसालाच ठाऊक असतं. बाहेरच्याला वाटतं, पांढऱ्याला पांढरं करणारं तेच एक औषध. ठिपकीलाही तेच वाटलं. ओतलं असेल, वाट पाहिली असेल, आणि पिवळं चढत गेलेलं पाहिलं असेल. पुन्हा ओतलं असेल, कारण बगलेचा धागा विरलाय. मग तो आला असेल. शर्ट तिच्यासमोर धरला असेल. तो म्हणत असेल, एक काम सांगितलं होतं, एक. पण मग त्याच्या अंगात हा शर्ट कसा, हा तर हातात होता. म्हणजे दोन शर्ट होते? नाही. हाच. ओला असतानाच त्यानं तो तिच्या तोंडावर मारला असेल, कफाचं बटण दातावर. तिनं कफ उजेडाला धरला. बटणाचे चार टाके. तीन जुने, एक नवा, वेगळ्या दोऱ्याचा. ठिपकीचा टाका. उलटून दोनदा गाठ मारायची तिची सवय. शर्ट तोंडावर बसल्यावर, नाकातलं रक्त थांबल्यावर, तिनं बटण शिवलं होतं.

आणि रक्त काढलं होतं, असं काढलं होतं की सव्वीस वर्षांच्या डोळ्यांना दिसू नये. कड नाही, छटा नाही, तपकिरी सावली नाही. एवढं स्वच्छ फक्त तिनं शिकवलेलं माणूसच काढू शकतं.

गार पाणी घाल बाई, लाल जाईल न्हाऊन,
ऊन पाणी घालशील तर राहील घर बांधून.

हे तिनंच जुळवलं होतं. पोर सात वर्षांची होती. बाप बुटांच्या दुकानात विक्रेता, दिवसभर लोकांच्या पायांशी वाकायचा, घोट्याला हात लावून विचारायचा, साहेब, चावत तर नाही ना? आणि वाकून वाकून जे काही त्याच्या पाठीत साठायचं ते घरी येऊन ताठ व्हायचं. दुकानातली बूट घालायची लांब पट्टी, लोखंडी, टोकाला वळलेली, त्यानं घरी आणून दाराच्या मागे टांगली होती. कुणी विचारलं तर म्हणायचा, स्वतःच्या बुटांसाठी. तो स्वतः मात्र चपलाच घालायचा. त्या दिवशी पट्टीचं वळलेलं टोक तिच्या भुवईला लागलं आणि डोळ्यापुढे सगळं लाल झालं, एखाद्यानं खिडकीला लाल पडदा ओढावा तसं. पोर मोरीच्या दारात उभी. किंचाळली असती, शेजारी जमले असते, काहीतरी झालं असतं कदाचित. पण तिनं पोरीला घाबरू द्यायचं नाही म्हणून हसून म्हटलं, जा ग ठिपके, बादलीत गार पाणी सोड, गंमत दाखवते. ब्लाउज काढून पाण्यात घातला. पाण्यात लाल दोरे सुटले, हलले, विरले. बघ, नाहायला गेली लाल, आणि गाणं तिथल्या तिथे ओठांवर आलं, कारण गाणी तिला अशीच यायची, हात पाण्यात असले की. पोर टाळ्या पिटायला लागली. भुवईतून एक थेंब बादलीत पडला, तोही पोरीनं बघितला, आणि गाण्यात घेतला. पुढच्या वेळी हाक मारावी लागली नाही. पट्टीचा आवाज झाला की पोर आधीच बादली भरायला पळायची. आई, मी पाणी सोडलं! एवढीशी, फ्रॉकचा घेर मुठीत धरून. शाबास म्हणायची ती. ती शाबास म्हणायची.

घामाचं मात्र शिकवायचं राहिलं. बापाच्या शर्टांना तिनं पोरीला हातच लावू दिला नाही. त्याच्या बगलांचा वास तिला दुपारीच यायचा, तो घरात नसताना, दोरीवरच्या धुतलेल्या शर्टातून. वर लिंबासारखा फवारा, खाली आंबूस, त्याच्याही खाली गरम झालेल्या लोखंडासारखं काहीतरी. मारायच्या आधी त्याला घाम यायचा. मारताना नाही, आधी. जिन्यात पावलं वाजायच्या आधी वास यायचा आणि तिच्या हातातली वस्तू खाली ठेवली जायची, फुटू नये म्हणून. ते शर्ट ती स्वतः करायची. आतून उलटे करून, चमच्याच्या पाठीनं थर खरवडून, कोमट पाण्यात सिरका घालून अर्धा तास, मग सोडा, पेरॉक्साइड, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, गोल नाही, धाग्याच्या दिशेनं. दुकानात म्हणे सगळ्यात पांढरा शर्ट त्याचा. गिऱ्हाइकं विचारायची. तो घरी येऊन अभिमानानं सांगायचा, आणि तिला, देवा, तिला छातीत गोड वाटायचं. रोज सकाळी ती त्याला नवा करून रस्त्यावर सोडायची.

एकदा, एकदाच, तो तापानं पडला होता. भर दुपार, खिडकीतून ऊन त्याच्या गळ्यावर. तोंड उघडं, मान मागे, गळ्याची गोटी वरखाली. ती शर्ट उकळायचं मोठं पातेलं चिमट्यानं धरून त्याच्या उशाशी उभी राहिली. पाणी अजून खदखदत होतं. हात थरथरले नाहीत, तीच गोष्ट तिला अजून घाबरवते. तिनं मनात ते ओतलं. पातेल्याची धार, गळ्याची कातडी दुधावरच्या सायीसारखी सरकताना, त्याचे दोन हात हवेत, आणि आवाज. आवाज तिनं पुन्हा पुन्हा ऐकला. मग पोर शाळेतून आली, दारातून म्हणाली, आई, भूक, आणि ती पातेलं घेऊन मोरीत गेली. तो तीन वर्षांनी मेला, दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या पायाशी, छातीत कळ येऊन, पांढऱ्याशुभ्र शर्टात. लोकांनी शर्टाची तारीफ केली. पण ते न ओतलेलं पाणी तिच्या हातात राहून गेलं, आणि इतकी वर्षं झाली, गार झालेलं नाही.

"काकू, झोपलात का?" वाफ्या जवळ येऊन उभा होता. "अर्धा तास त्या एका शर्टाशी गुजगोष्टी चालल्यात. जावयाचा म्हणून काय शर्टाला जेवायला वाढणार आहात?"

तिनं खाली पाहिलं. शर्ट धुतलेला होता. पिळलेला होता. बगला पांढऱ्या, दुधाच्या दातासारख्या पांढऱ्या. पिवळं गेलं होतं, थर गेला होता, धागा मऊ पडला होता. कफावर फेस नव्हता. तिच्या हातांनी, ती नसताना, ती त्या मोरीत आणि त्या उशाशी असताना, सगळं केलं होतं. ब्लीचचा वास तीन पाण्यात काढून, खरवडून, भिजवून तिनं आधीच ठेवलं होतं; उरलेलं हातांनी घासलं, धुतलं, पिळलं, आणि कफही. कफही घासला होता. जे उरलं होतं तेही हाक मारून बाहेर काढून नळाखाली सोडून दिलं होतं. तिनं घाईघाईनं पेरॉक्साइडचा आणखी एक थेंब टाकला. थेंब तसाच बसला, शहाण्या मुलीसारखा. काही उठलं नाही. आणखी एक. काही नाही.

"वाफ्या," ती म्हणाली, "मी परत धुतलं रे."

"मग? धुवायलाच बसवलंय तुम्हाला." मग त्यानं तिचं तोंड पाहिलं आणि त्याच्या तोंडावरची थट्टा उतरली. "काय झालं काकू?"

तिला एवढंच म्हणता आलं, "तुझी प्रेस दे मला. हा मीच करते." तो बाजूला झाला. ती कधी प्रेसवर उभी राहत नसे. खाली कापडाची गादी, वर लोखंडाचं जड झाकण, पायाशी पट्टी. पाय दाबला की झाकण येतं, आणि आलं की पाय काढेपर्यंत हलत नाही. तिनं वाफेचा खटका बंद केला, नुसती आच ठेवली, पूर्ण. शर्ट गादीवर पसरला. छाती वर, बाह्या दोन्हीकडे, जणू कुणी उताणं पडलंय आणि हात टाकलेत. भिंतीवरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं होती. आच चढताना लोखंड बारीक टिकटिक करत होतं. ती त्या झाकणाखाली एक मान ठेवून पाहत होती. एक जबडा. एक डावा हात. प्रत्येक वेळी पाय दाबत होती, आणि प्रत्येक वेळी आवाज नवा येत होता, ओल्या लाकडाचा, अंड्याच्या कवचाचा, आणि तिला किळस येत नव्हती. गोड वाटत होतं, छातीत, त्याच जागी, जिथे पांढऱ्या शर्टाचं गोड वाटायचं.

वास आधी आला. मग तो. "आई! झाला?" मालकीणबाईंना नमस्कार करत, काउंटरची फळी उचलून तो सरळ आत आला, घरच्यासारखा. "वा! अरे वा! हे कसं केलंत? कळतसुद्धा नाही."

"हो," ती म्हणाली. "कळत नाही."

"शिकवा की तुमच्या लेकीला. नुसतं रडता येतं तिला." त्यानं कौतुकानं बगलेवरून बोटं फिरवली, मग कफ उचलला, उलटा केला, बघितला. तो का बघतोय ते तिला कळलं. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या पेरावर चिकटपट्टी होती, कातडीच्या रंगाची, ताजी. पेराच्या दोन्ही बाजूंना छोट्या अर्धगोल खुणा. दातांच्या. ही आजची. म्हणजे त्या दिवशीचं शर्टानं झालं आणि आजचं हातानं झालं, आज सकाळी, इथे हसत येण्याच्या आधी किंवा नंतर.

"हाताला काय झालं तुमच्या?"

"हे? कपाटाचं दार." तो हसला. हात गादीवरच होता, कफावर, बोटं पसरलेली. नखं स्वच्छ. तिचा पाय पट्टीवर होता. कधी गेला कुणास ठाऊक. जग एवढंसं झालं, पाच बोटं आणि एक पट्टी, आणि मध्ये ते पातेलं, ते जुनं उकळतं पाणी, तिच्या दोन्ही हातांत, इतक्या वर्षांनी पुन्हा उशाशी. दारातून कुणी आई, भूक म्हणणार नव्हतं. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला काय दिसलं ते तोच जाणे. हसू ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून गेलं.

"हात काढ," ती म्हणाली.

"काय?"

"काढ म्हटलं ना रे हात!" आणि पाय दाबला.

त्यानं हात ओढला तेव्हा झाकणाची कड चिकटपट्टीला घासून गेली आणि पट्टी उचकटून तिथेच अडकली. लोखंड शर्टावर बसलं. सुऽऽ झालं, मग तेही थांबलं. ती पाय काढेना. तो कळवळून हात झटकत ओरडत होता, "वेड लागलं का तुम्हाला? म्हातारे! हात गेला असता माझा!" मालकीणबाई काउंटर सोडून धावत आल्या. झाकणाच्या कडांमधून आधी पिवळा, मग तपकिरी धूर निघाला, आणि फवाऱ्याचा तो काचेसारखा वास जळका, कडू होऊन छतापर्यंत गेला. ती पुटपुटत होती, ऊन पाणी घालशील तर, राहील घर बांधून. सबंध ओळ दहा वेळा म्हणून झाल्यावर तिनं पाय उचलला. शर्टाच्या छातीवर, बाह्यांवर, कफावर झाकणाचा अख्खा ठसा उठला होता, भाजलेला, तांबूस काळा.

"हा डाग निघत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे आणलास तरी नाही. उद्या हाच घालून जा साहेबापुढे."

तो तिच्या अंगावर आला. हात वर गेला, कोपरातून, उलटा, तिनं मनात मोजला होता अगदी तसाच. आणि सगळ्यांनी पाहिला. वाफ्यानं तो हवेतच धरला. रोज शेकडो ओले कपडे ताणून बसवणारा तो हात, त्यात मनगट लाकडासारखं करकरलं. "जावईबापू," वाफ्या अगदी हळू म्हणाला, "बसा. चहा घ्या. गरम आहे." आणि त्याला स्टुलावर दाबला. मालकीणबाई एकदा शर्टाकडे, एकदा वाफ्याच्या मुठीतल्या त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचं दार आतून लावून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही मागच्या दारानं जा. मी बोलावते कुणाला ते."

लेकीच्या घरापर्यंत दोन रस्ते, एक चौक, तीन जिने. ती एप्रनमध्येच धावत होती, वयाला न शोभेल अशी. सिग्नलला उभी असताना तिला वाटलं, आपण झाकण हातावरच बसवायला हवं होतं. पुढच्या पावलाला वाटलं, बरं झालं नाही बसवलं. जिन्यात पुन्हा वाटलं, बसवायला हवं होतं. दाराला कडी लावलेली नव्हती. आत सगळं जागच्या जागी, पुसलेलं, कपाटाचं दार नीट लागलेलं. मोरीतून नळाचा आवाज येत होता.

ठिपकी बादलीसमोर उकिडवी बसली होती. पाठमोरी. वेणीचा अर्धा भाग सुटलेला, कानामागे केसांची एक जागा रिकामी. पावलं ऐकून तिचे खांदे मानेत गेले, आणि हात आणखी जोरात पाण्यात हलू लागले. मग तिनं मान वळवली. एक डोळा मिटलेला, ओठ फाटून दोन ठिकाणी सुजलेला, नाकाखाली सुकलेलं. हनुवटीवरचा ठिपका निळ्या जांभळ्यात बुडून सापडेना. आईला ओळखायला तिला क्षणभर लागलं. आणि ओळखल्यावर, त्या सुजल्या तोंडानं, सात वर्षांची होऊन, ती घाईघाईनं म्हणाली, "आई, गार पाण्यातच टाकलंय ग. ऊन नाही घातलं."

तिनं नळ बंद केला. खाली बसली. बादलीत उशीचा अभ्रा होता आणि सकाळचा कुडता, आणि पाण्यात लाल दोरे सुटत होते, हलत होते, विरत होते. तिच्या ओठांवर तो शब्द आला, जुना, सवयीचा, शाबास. तिनं तो दातांखाली धरला आणि चावला. मग दोन्ही हात कोपरापर्यंत घालून तिनं कुडता बाहेर काढला. पिळला नाही, झटकला नाही, तसाच, जेवढं लाल उरलं होतं तेवढं वाचवत एप्रनमध्ये गुंडाळला.

"अगं, निघालं नाहीय अजून," ठिपकी म्हणाली.

"नाही निघालं. राहू दे. हे दाखवायचंय आपल्याला." तिनं लेकीच्या काखेत हात घालून तिला उठवलं. किती हलकी झाली होती. बगल ओली होती, तिनंही मारलेल्या नवऱ्याच्या फवाऱ्याचा थर त्या घामात विरघळून हाताला लागला, आणि खालून पोरीचा स्वतःचा वास आला, लहानपणीचा, भीतीचा. "चल. चपला घाल."

"कुणी बघेल ना."

"बघू दे."

त्या जिन्यानं उतरल्या. एप्रनमधून पाणी गळत होतं, प्रत्येक पायरीवर एकेक थेंब, फिकट गुलाबी, तिसऱ्या मजल्यापासून दारापर्यंत. ठिपकी सवयीनं पुसायला वाकली, तसं तिनं तिचं मनगट धरून तिला सरळ उभं केलं, आणि त्या बाहेर उन्हात आल्या.